दादांच्या बुटातलं लास्टिक

आमच्या घरात बुटांचा एकच जोड होता, आणि तोही आमचा नव्हता, जिनिंगचा होता. परतूरला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या गेटावर माझे वडील चौकीदार होते. त्यांना आम्ही लेकरं दादा म्हणायचो आणि जिनिंगमधले लोक जमादार म्हणायचे. खाकी कपडे, कातडी पट्टा, काठी आणि हे बूट एवढं त्यांना जिनिंगकडून मिळालं होतं. बूट काळे, घोट्याच्या वर येणारे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. दादा घरी आले की बूट दाराच्या आत, भिंतीला टेकवून, पाटावर ठेवायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ बबन अनवाणी फिरायचो, मायही अनवाणी फिरायची, आणि बूट पाटावर बसायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बूट म्हणजे नोकरी होती, आणि नोकरी होती म्हणून ती खोली होती. खोलीपण जिनिंगचीच.

खोली जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून होती. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. कापसाचा हंगाम सुरू झाला की यंत्रांची घरघर दिवसभर त्या भिंतीतून यायची. पाण्याच्या हंड्यावर हात ठेवला तरी ती हाताला कळायची. भोंगा झाला की माय चूल पेटवायची, दुसरा भोंगा झाला की दादा निघायचे, आणि मधेच रेल्वेची शिट्टी झाली की बबन जे करत असेल ते टाकून पळायचा. रुईचे धागे सगळीकडे असायचे. वरणात, केसांत, बबनच्या पापण्यांवर. माय परातीवर फडकं धरून पीठ मळायची तरी भाकरीत एखादा धागा निघायचाच. तो आम्ही ओढून काढायचो आणि खायचो. येसराची आमटी असली तर धाग्याकडं बघत कोण बसतंय. सरकीचा तेलकट वास अंगाला, अंथरुणाला, सगळ्याला होता. आता मी जालन्यात लेकाच्या घरी राहते, फरशी गुळगुळीत आहे, आणि कोपऱ्यावर सरकीच्या पेंडीचं दुकान आहे. तो वास मला अजून चांगला वाटतो. सून तिथून जाताना नाकाला पदर लावते. लावू दे.

बुटाचे कायदे दोन होते. गेटावर आणि वजनाच्या काट्याजवळ उभं राहताना बूट पायात पाहिजेत आणि लेस नीट बांधलेली पाहिजे, हा मॅनेजरसाहेबांचा हट्ट. चौकीदार चपलेत दिसला की कापूस घेऊन येणारे गाडीवाले त्याला मोजत नाहीत, असं ते म्हणायचे. ते खोटं नव्हतं. दुसरा कायदा असा, की कापसाच्या गंजीवर चढताना बूट काढलेच पाहिजेत. गंजी म्हणजे अंगणात रचलेला कापसाचा ढीग, घराहून उंच. मॅनेजरसाहेब म्हणायचे, खिळ्याची ठिणगी पडली तर सगळं जळून जाईल. दादा म्हणायचे, कापूस लक्ष्मी आहे, तिच्यावर चामडं घेऊन कोण चढतं. कारणं दोघांची वेगळी होती, पण बूट काढायचेच. आणि चौकीदाराला त्या गंजीवर दिवसातून कितीतरी वेळा चढावं लागायचं. ओला कापूस आत तापतो, तो पाय घालून बघायचा. वर कुणी हमाल बिडी घेऊन बसलाय का, ते बघायचं. खाली उतरायचं, कचेरीच्या पायऱ्यांवर बसून बूट घालायचे, लेस ओढून बांधायची आणि पुन्हा गेटावर. दादा हे इतक्या झपाट्यानं करायचे की मला वाटायचं बूट त्यांच्या पायावर आपोआप चढतात.

मी चौथी करून घरी बसले त्या साली पोळ्याच्या सुमाराला दादांना ताप आला. चांगलाच आला. ताप उतरला तेव्हा उजव्या हाताची बोटं धरीनाशी झाली होती. हात वर व्हायचा, सलाम बसायचा, काखेत काठी राहायची, पण मूठ होत नव्हती. वाटी दिली की निसटायची. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, काही ताकद परत येईल, काही येणार नाही. काहीच आली नाही. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, आवारात माणूस नसतो, म्हणून ही गोष्ट आमच्या घरातच राहिली. फक्त धाकटे चुलते गावाहून बघायला आले, त्यांना कळली. ते आले, चहा प्याले, दादांचा हात उलटापालटा करून बघितला, बाजारात बैल बघतात तसा.

"भाऊ, आता कशाला ही चौकीदारी?" चुलते म्हणाले. "गावाकडं चला. मला गुरं वळायला एक माणूस पाह्यजेच हाये."

दादांनी हात मागं घेतला. वाटणीच्या वेळी ह्याच भावाशी भांडून ते परतूरला आले होते, आणि आता त्याच्याच गुरांमागं जायचं होतं. चुलते गेल्यावर मायनं त्यांची कपबशी खळखळ विसळली.

"तो गुराखी शोधून राह्यला," ती म्हणाली. "मोठ्या भावाला गुराखी करतो मेला."

"हंगाम लागू दे," दादा म्हणाले. "मी गेटावर उभा राह्यलो की कोन म्हन्तो मला हात न्हाई."

बाकी सगळं त्यांनी जमवलं. काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात पट्ट्याच्या आत अंगठा अडकवून ठेवला, उलट त्यानं ते जास्तच ऐटबाज दिसायला लागले. अडलं ते लेसपाशी. लेस सोडता एका हातानं येते, बांधता येत नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं घरी करून बघावं. सकाळी माय बांधून द्यायची. दुपारी मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा गेटाच्या खोपीमागं मी बांधायचे. मी खाली बसून बांधायचे आणि ते वर दुसरीकडंच बघत उभे राहायचे. मधल्या वेळात गंजीवरून उतरले की ते लेसेची टोकं बुटात खुपसून ठेवायचे. टोकं काय तिथं राहतात? चालताना बाहेर यायची आणि धुळीत ओढली जायची.

एका दिवशी ती टोकं त्यांच्याच दुसऱ्या पायाखाली आली. गाड्यांची रांग लागलेली, सगळे गाडीवाले बघत होते, आणि दादा काट्याजवळ सरळ गुडघ्यावर पडले. भाऊराव म्हणून दुसरा चौकीदार होता, मागच्या फाटकावरचा. त्याच्या मेव्हण्याला नोकरी पाहिजे होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काय जमादार," भाऊराव म्हणाला, "सकाळीच लावून आलते का?"

गाडीवाले हसले. मॅनेजरसाहेब कचेरीच्या दारातून म्हणाले, "जमादार, लेस बांधत चला. पुन्हा असं दिसलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मी भाकरी घेऊन फाटकाशी उभी होते. दादा उठले, गुडघे झटकले आणि सलाम केला. मला रडू वगैरे आलं नाही. मला त्या लेसेचा राग आला. एवढीशी सुताची दोरी, आणि तिच्यापायी माझा बाप गुरं वळायला जाणार.

उपाय मला बबनच्या चड्डीत सापडला. बबनला नाड्याची चड्डी होती आणि त्याची नेमकी घाईच्या वेळी गाठ बसायची. मग तो नाचायचा, माय दातानं गाठ सोडायची, आणि तोवर काम झालेलं असायचं. मायनं कंटाळून नाडा काढला आणि लास्टिक घातलं. आता इलॅस्टिक म्हणतात, आम्ही लास्टिक म्हणायचो. दुसऱ्या दिवशी बबननं चड्डी खाली ओढली, वर ओढली आणि पळाला. मी चुलीपाशी बसून बघत होते. चड्डीला जमतं तर बुटाला का नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. त्याच्या पुढचं पुढं.

आधी मी सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापली. काळी होती, बुटात दिसली नसती. ती बुटाच्या भोकाच्या कडेला घासून त्याच दिवशी तुटली. मग आठवडी बाजारात छोटीबीकडं गेले. छोटीबी मनेरीण, बांगड्या भरायची, आणि तिच्या टोपलीत बांगड्यांखाली फण्या, पिना, रिळं, लास्टिक, सगळं असायचं. आसपास सगळ्या बायाच. पुरुष तिच्याकडं फिरकायचे नाहीत.

"परसोंच तो तेरी मां लास्टिक लेको गई," छोटीबी म्हणाली. "कित्त्या चड्ड्यां फाडता गे तेरा भाई?"

"लई फाडतो," मी म्हणाले.

"पेट साफ नै उसका. सोंफ दे उसकू."

लास्टिक घेतलं आणि बबनचं नाव पुढं करून घरी आले. पट्टी रुंद होती, भोकातून जाईना. दुमडून घातली तर ओढली जाईना. पुन्हा गेले, फुग्याच्या बाहीला लावतात ते बारीक लास्टिक आणलं. त्याच्या टोकाला पीन अडकवून भोकाभोकातून ओवलं आणि टोकांना बुटाच्या आत गाठी मारल्या. पहिल्या दिवशी फार ताणलं गेलं, दादांचे पाय सुजून आले. दुसऱ्या दिवशी ढिलं झालं, बूट टाचेला फटफट वाजला. मग मला कळलं, की बोटांकडं ढिलं ठेवायचं आणि घोट्याकडं ताणायचं. बूट निघताना घोट्याशी उघडतो, मोकळं व्हायला पाहिजे ते तिथं, आणि धरायला पाहिजे तेही तिथंच. हे मला कुणी शिकवलं नाही. मी रात्रभर जागले वगैरे पण नाही. दोन-चार वेळा काढलं, घातलं, जमलं.

मागच्या वर्षी माझे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगितलं, आजी, चप्पल सोडा, बूट घालून चाला. मला वाकून लेस बांधता येत नाही, म्हणून सुनेनं मोबाइलवरून लास्टिकच्या लेसा मागवल्या. प्लास्टिकचं बटण आहे, दाबलं की सरकतं. सून म्हणाली, "बघा आई, काय काय शोधून काढतात लोक." मी बघितलं. वर घोट्याकडं आणि खाली बोटांकडं ताण सारखाच होता. मी बटणं काढून टाकली आणि माझ्या पद्धतीनं पुन्हा ओवलं. सुनेला वाटलं मी बिघडवलं. आता तीही तिच्या बुटात तसंच ओवून घेते. माझ्याकडून.

तर दादांचे बूट. ज्या सकाळी ते बराबर बसलं त्या सकाळी दादांनी उभ्या उभ्या पाय बुटात सारला. टाच आपटली. बसला. दुसरा सारला. बसला. त्यांनी परत काढून परत घातले. मायचा विळीवरचा हात थांबला. दादा खोलीत इकडून तिकडं चालले, खिळे जमिनीत रुतत होते, सारवण उखडत होतं, तरी माय त्यांना चालू देत होती.

"झालं का मनासारखं?" शेवटी ती म्हणाली.

"पांढरं दिसून राह्यलं," दादा म्हणाले.

"दिसू द्या."

"दिसू द्या काय? काळ्या बुटात पांढरी चड्डी घातल्यावानी दिसतं. भाऊरावला निस्तं कारण पाह्यजे."

त्यांनी बुटाच्या पालिशची डबी घेतली आणि सगळं लास्टिक काळं केलं. डाव्या हातानं, फडक्यानं, अगदी गाठीपर्यंत. काम चांगलं झालं होतं. लांबून लेस कुठली आणि लास्टिक कुठलं कळत नव्हतं. मला तेव्हा काही सुचलं नाही, मायलाही नाही. संध्याकाळी दादांच्या पावलांवर वरच्या बाजूला काळे पट्टे दिसले. माय म्हणाली, पाय काळे काहून? दादा म्हणाले, घामानं. साबणानं धुतले, निघाले. पायाकडं आम्ही बघितलं. ते पाय दिवसभर कशात होते, ते डोक्यात आलं नाही. आणि आम्ही सगळे कापसाशेजारी राहणारे लोक.

पुढचे काही दिवस दादा वेगळेच होते. गंजीपाशी गेले की बूट सोडायचे, वर चढायचे, उतरायचे आणि न थांबता बुटात पाय घालून पुढं चालायचे. भाऊराव पायरीवर बसून लेस ओढत असायचा. मी भाकरी घेऊन गेले तर मला खाली बसायचं काम उरलं नव्हतं. दादा गेटावर उभे राहूनच म्हणायचे, "ठेव तिथं, कौसे." मला ते आवडायचं. त्यांनी माझं तोंडभरून कौतुक कधी केलं नव्हतं, ते तेव्हाही केलं नाही. पण आवाज मोकळा झाला होता.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. तीर्थपुरीकडचा एक म्हातारा शेतकरी गाडी घेऊन आला होता. त्याचा कापूस गंजीच्या पायथ्याशी ओतला होता, वजन व्हायचं बाकी होतं. मॅनेजरसाहेब कापूस बघायला आले. त्यांनी हात घातला आणि मूठभर कापूस वर काढला. पांढऱ्या कापसाला काळे ओरखडे. त्यांनी दुसरीकडं हात घातला, तिथंही काळं.

"बाबा, हे काय आहे?" मॅनेजर म्हणाले. "गाडीच्या आसाचं वंगण लागलंय कापसाला. हा माल चालत नाही. भरा परत."

म्हातारा पुढं आला. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "साहेब, माझ्या गाडीला वंगण हाये कुठं? आस निस्ता कुरकुरून राह्यला. साऱ्या रस्त्यानं कुत्रे मागं लागले."

"मग काळं आलं कुठून? आभाळातून?"

"मला काय ठावं. घरून निघाला तवा दुधावानी होता."

"भरा म्हटलं ना. मागं रांग आहे."

मी गेटाजवळच्या कडुलिंबाखाली भाकरी घेऊन उभी होते. दादा काट्याजवळ होते. त्यांनी त्या कापसाकडं बघितलं आणि मग खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं, आणि मला त्याच वेळी कळलं. त्यांना पायांकडं बघताना बघितलं म्हणून कळलं. तापलाय का बघायला ते म्हाताऱ्याच्या कापसात मघाशीच घोट्यापर्यंत पाय घालून चालले होते. बूट काढताना पालिश पायाला, पायाचं घामासोबत कापसाला. ते गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. म्हातारा गाडी भरून परत गेला असता, दादा गेटावर राहिले असते, आणि आम्ही खोलीत. मला तेव्हा काय वाटत होतं ते खरं सांगते. मला वाटत होतं, दादांनी गप्प बसावं.

म्हातारा वाकून कापूस टोपल्यात भरायला लागला.

"साहेब," दादा म्हणाले, "ते वंगण न्हाई. पालिश हाये. माझ्या पायाचं."

मॅनेजरांनी वळून बघितलं. "तुमच्या पायाला पालिश?"

दादांनी जागच्या जागी बुटांतून पाय काढले. हात न लावता, उभ्यानं. एक पाय उचलून दाखवला. वरच्या बाजूला काळे पट्टे. गाडीवाले पुढं सरकले. भाऊराव तर धावतच आला, त्यानं एक बूट उचलला आणि बोटानं ओढून बघितलं. लास्टिक ताणलं, सोडलं, फट्‌ वाजलं.

"साहेब, हे लास्टिक हाये," तो म्हणाला. "चड्डीचं लास्टिक. जमादारांनी बुटाला चड्डी नेसवली."

मोठा हशा झाला. हमाल हसले, गाडीवाले हसले. मॅनेजर हसले नाहीत.

"लेस कुठं आहे?"

"काढली."

"का?"

"बांधता येत न्हाई." दादांनी पट्ट्यातून उजवा हात काढला आणि पुढं धरला. मॅनेजरांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, धरा. पेन घरंगळून धुळीत पडलं. हसणं थांबलं.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुमी काढून टाकलं असतं."

"टाकलंच असतं," मॅनेजर म्हणाले.

"मंग आता टाका," दादा म्हणाले. "पन ह्या बाबाचा काटा आधी करा. त्याचा माल बिलकुल चांगला हाये. काळं झालेलं वेचून माझ्या नावावर टाका."

आवाज चढला नव्हता त्यांचा. मी अजून ते वाक्य विसरले नाही, आणि माझ्या लेकरांना कितीदा ऐकवलंय, तेही कंटाळलेत. मॅनेजरांनी काटेवाल्याला खूण केली. म्हाताऱ्याचं वजन सुरू झालं. मग मॅनेजर त्या बुटाकडं बघत राहिले. ते काही दयाळू माणूस नव्हते. हंगामात आग लागली तर त्यांना जाब द्यावा लागायचा, आणि गंजीवर कोण किती वेळा चढतो एवढंच त्यांना बघायचं होतं.

"गंजीवर जाऊन या," ते दादांना म्हणाले. "भाऊराव, तुम्हीपण. त्या बाजूनं."

भाऊरावला आधी कळलंच नाही. मग तो दादांचा बूट खाली ठेवून पायरीवर बसला आणि लेस सोडायला लागला. दादा अनवाणीच होते, त्यांनी पोत्याला पावलं घासून पुसली आणि ते वर चढले. घसरत होते, डावा हात टेकत होते, पण चढले. माथ्यावर जाऊन चारी बाजूंना बघितलं, नेहमीप्रमाणे, उगीच दाखवायला नाही. उतरले. काट्याजवळ येऊन पाय झटकले, बुटात सारले, टाचा आपटल्या आणि सलाम केला. भाऊराव उतरून पायरीवर बसला होता आणि लेसेला गाठ बसली होती. तो ती नखानं उकरत होता.

"भाऊराव," रांगेतला एक गाडीवाला म्हणाला, "जल्दी करा, इथं माझे बैल म्हातारे होऊन राह्यले."

आता सगळे भाऊरावला हसले. मला ते फार बरं वाटलं. वाटू नये असं म्हणतात, पण वाटलं.

"हे केलं कोणी?" मॅनेजरांनी विचारलं.

"माझ्या पोरीनं," दादा म्हणाले. आणि मान माझ्याकडं वळवली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात भाकरीचं फडकं, केसांत रुई, परकर गुडघ्यापाशी फाटलेला.

"नाव काय गं तुझं?"

"कौसा."

"हे काळं कोणी केलं? तूच?"

"न्हाई," मी म्हणाले. "ते दादांनी केलं."

मॅनेजर पहिल्यांदा हसले, आवाज न करता. दादाही हसले. मॅनेजरांनी वाकून धुळीतलं पेन उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि खिशाला लावलं.

"उद्यापासून पालिश लावायचं नाही," ते म्हणाले. "पांढरंच राहू द्या." आणि कचेरीत निघून गेले.

तेवढंच. ठेवलं म्हणाले नाहीत, काढलं म्हणाले नाहीत. दादा वळून रांगेतल्या पुढच्या गाडीला ओरडले, "चल, आन पुढं." तीर्थपुरीचा म्हातारा वजन करून निघाला तेव्हा त्यानं गाडीतून काकडीसारखं एक वाळूक काढून माझ्या हातात दिलं. वाळूक कडू निघालं, तरी मी आणि बबननं संपवलं.

चुलत्यांना गुराखी मिळाला की नाही ते मला माहीत नाही, दादा गेले नाहीत. मी लग्न होऊन निघेपर्यंत ते त्याच गेटावर होते. लोक विचारतात, तू चौथीच शिकलीस, वाईट नाही का वाटत? वाटतं. पण परतूरच्या बाजारात माझा बाप पांढऱ्या लास्टिकचे बूट घालून चालायचा आणि ते लास्टिक मी ओवलेलं होतं. बरोबरच्या किती शिकलेल्यांनी बापाच्या पायात काही घातलंय, ते त्यांनी सांगावं.

लास्टिक काही जन्मभर टिकत नाही. त्या गोष्टीनंतर काही दिवसांनी ते ढिलं पडलं, पालिश लागलेलं म्हणून कुजलंही होतं. मी म्हणाले, बाजारात जाऊन आणते. दादा म्हणाले, थांब, मीच येतो. बाजाराच्या दिवशी ते खाकी कपड्यांत, काठी घेऊन, माझ्यापुढं चालत सरळ छोटीबीच्या टोपलीपाशी गेले. बायांनी पदर सावरले, एक-दोघी हातातल्या बांगड्या तशाच ठेवून मागं सरकल्या. छोटीबीनं वर बघितलं.

"क्या होना, जमादार? घरवाली को बांगड्यां?"

"लास्टिक," दादा म्हणाले. "बारीक. पांढरं."

"किसके वास्ते?"

"बुटाच्या वास्ते."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. छोटीबीनं लास्टिकचं रीळ काढलं. "कित्ता लंबा होना?"

दादांनी बुटासकट पाय तिच्या टोपलीशेजारच्या दगडावर ठेवला. "मोज," ते म्हणाले.

बाया बघत होत्या, येणारेजाणारे थांबले होते. छोटीबीनं रिळाचं टोक पहिल्या भोकाला धरलं आणि सावकाश वरपर्यंत नेलं, परत खाली आणलं, चुकलं म्हणून पुन्हा धरलं. तिचं होईपर्यंत दादा तिथंच उभे राहिले, एक पाय दगडावर, पाय मागं न घेता.